हौदाकडचा कोपरा

४ फेब्रुवारी

दादा,

फोन केला असता. पण फोनवर तू ‘काय?’ म्हणतोस, मी ओरडते, आणि उत्तर समोरच्या घरातून येतं. म्हणून पत्र. तुझे कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, असं तुझी सूनबाई म्हणाली.

यांची तब्येत आता बरी आहे. डॉक्टरांनी जिना मात्र कायमचा बंद केलाय. हृदयाला चढ नको. म्हणजे वरच्या मजल्यावर झोपणं संपलं. म्हणून मागची खोली यांच्यासाठी करायला घेतली आहे. तू बांधलेली. बाबांचा पुस्तकं दाबायचा शिकंजा अजून तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यावर पुस्तकं बांधत होते. आता तो कोपऱ्यात सरकवलाय.

खोली कोंदट झाली होती. हौदाकडच्या भिंतीचं प्लास्टर फुगून पोपडे सुटले होते. ते काढून पंधरवड्यापूर्वी नवं करून घेतलं. गवंडी चांगला मिळाला. गप्प माणूस. चहासुद्धा मागितला नाही.

दाराच्या बिजागऱ्या मात्र मी स्वतः बसवल्या. दार आता लागतं. आधी ते लागल्यासारखं करायचं. हसू नकोस. मी लावलेली एक फळी पडली त्याला तीस वर्षं झाली, तरी चार माणसं जमली की तू ती गोष्ट काढतोसच. बशा माझ्या होत्या, फुटल्या माझ्या, आणि गोष्ट मात्र तुझी झाली.

एकच विचारायचं होतं. नव्या प्लास्टरवर एक तडा दिसतोय. खिडकीच्या खालच्या टोकापासून निघतो आणि तिरका हौदाकडच्या कोपऱ्यात उतरतो. केसाएवढा. रंग द्यायच्या आधी त्यात काय भरू?

तुझी
बारकी

*

९ फेब्रुवारी

बारके,

काही भरू नकोस.

तडा वर रुंद आहे की खाली? नख आत जातं का? बाहेरच्या बाजूनं दिसतो का? फरशीवर काहीतरी गोल ठेव आणि कोपऱ्याकडे पळतं का बघ. गवंडी किती वर्षांचा होता? जुनं प्लास्टर काढल्यावर त्यानं विटा पाहिल्या असतील. काही बोलला का? जाणत्या गवंड्याचं प्लास्टर पंधरा दिवसांत फाटत नाही. फाटलं तर खालचं काहीतरी हललंय.

आम्ही साइटवर करायचो ते कर. काचेची पातळ पट्टी घे, बोटाएवढी रुंद, वीतभर लांब. तड्याच्या दोन्ही बाजूंचं थोडं प्लास्टर खरवडून वीट उघडी कर. पट्टी तड्यावर आडवी धर आणि दोन्ही टोकं सिमेंटनं विटेवर पक्की कर. मधला भाग मोकळा. काचेवर तारीख लिही. भिंत हलली तर काच तुटेल. काच खोटं बोलत नाही.

पट्टी विटेवर बसवायची. प्लास्टरवर नाही.

दादा

*

१६ फेब्रुवारी

दादा,

पत्र आहे की पोलीस चौकशी? मी वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, “तुझ्या दादाला सांग, एक तडा माझ्यातही आहे. त्याची विचारपूस कोण करणार?”

तडा वर-खाली सारखाच. नख जात नाही. बाहेरून काही दिसत नाही, पण बाहेर शेवाळ आहे. फरशीवर माझ्या माळेतला मणी ठेवला. तो कोपऱ्याकडे गेला नाही, दाराकडे पळाला. हे म्हणाले, घर सोडायची अक्कल एकट्या मण्याला आहे.

गवंडी माझ्याच वयाचा असेल. काही बोलला नाही.

पट्टी बसवली, तू सांगितलीस तशी. जुन्या फोटोच्या चौकटीतली काच कापून घेतली. वर १५ फेब्रुवारी लिहिलंय.

आता माझं ऐक. लेकीनं आमच्यासाठी लिफ्टचं घर बघून ठेवलंय. चौथा मजला, दोन खोल्या, खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसतात. मार्चअखेर हो की नाही सांगायचंय. हो म्हटलं की हे घर विकायचं. यांना जायचं नाही. विचारतात, “लिफ्ट बंद पडली की मी काय उडत खाली येऊ?” मलाही जायचं नाही, पण मी बोलत नाही, कारण मग दोघं हट्टी ठरतो. मागची खोली राहण्याजोगी झाली तर लेकीला नाही सांगता येईल. नाही झाली तर मार्ग नाही. वर यांना चढता येत नाही, पुढच्या खोलीत पलंग मावत नाही.

भिंत ठीक आहे असं तू एकदा लिही. तेवढंच हवंय.

बारकी

*

२२ फेब्रुवारी

बारके,

मेहुण्यांची चौकशी राहून गेली. चूक झाली. त्यांना म्हणावं, त्यांच्या तड्याला डॉक्टर आहे. भिंतीला मी आहे, आणि माझी कंबर मला बसमध्ये बसू देत नाही.

भिंत ठीक आहे असं मी न बघता लिहिणार नाही. पट्टी रोज बघ. पलंग आत हलवू नका. लेकीला अजून काही कळवू नकोस.

त्या भिंतीबद्दल बाबा तुला कधी काही बोलले होते का?

दादा

*

८ मार्च

दादा,

पट्टी तुटली.

काल सकाळी पाहिली. मधोमध, सरळ, कुणी कापल्यासारखी. कशाचा धक्का लागलेला नाही. दोन्ही तुकडे रुमालात बांधून ठेवलेत.

आणखी एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. हे पाच दिवसांपासून त्याच खोलीत झोपताहेत. मी बाजारात गेले होते. आले तर गाद्या खाली, उशा खाली, आणि हे मधोमध खुर्चीत, राजासारखे. शेजाऱ्यांना बोलावून पलंगही आणून घेतला होता. इथे झोप चांगली लागते म्हणतात. पट्टी दाखवली तर म्हणाले, “काच स्वस्तातली असेल.”

तू विचारलंस बाबा काही बोलायचे का. बोलायचे. जो येईल त्याला मागे घेऊन जायचे आणि भिंतीवर थाप मारून म्हणायचे, माझ्या मुलानं बांधली आहे. मिशी फुटायच्या आधी. पुस्तक बांधायला येणारी गिऱ्हाइकं कंटाळून जायची. हे तुला माहीत असेल असं मला वाटत होतं.

आता खरं सांग. लेकीला हो म्हणू का? मला गोड बोलून समजावू नकोस. तुला ते जमतही नाही.

बारकी

*

१२ मार्च

बारके,

सूनबाईनं फोनवर निरोप दिला असेलच. मेहुण्यांना त्या खोलीतून बाहेर काढ. ते ऐकणार नाहीत. पलंग बाहेर काढ, मग तेही येतील.

मला हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

ती खोली बांधली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. गवंड्याच्या हाताखाली दोन वर्षं घमेली उचलली होती आणि आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं. बाबांनी दोरी लावून दिली. पाया सगळीकडे तीन फूट, म्हणाले, आणि दुकानाला गेले. तीन बाजू खणून झाल्या. हौदाकडच्या कोपऱ्यात दीड फुटावर पहार उडाली. हात कोपरापर्यंत झिणझिणले. खाली मोठा दगड होता. तो फोडून काढायचा तर दोन दिवस गेले असते. त्या दुपारी मॅच होती आणि दोस्त फाटकाशी उभे राहून हाका मारत होते. मी दगडावरच भर टाकली, वरून सपाट केलं आणि गेलो.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “तीन फूट झालं?” मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात अजून तिथे आहे.

मॅच हरलो, हेही सांगून टाकतो.

पुढे चाळीस वर्षं मुकादमी केली. एकाही माणसाच्या शब्दावर पाया बुजवू दिला नाही. स्वतः खाली उतरून मापाची काठी लावायचो. लोक म्हणायचे, मुकादम फार काटेकोर. काटेकोर कसला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

सुट्या दगडावर टेकलेली भिंत आज ना उद्या बसते. जाणत्या गवंड्याचं प्लास्टर फाटलं, पट्टी तुटली, आता शंका उरली नाही. तिथे काही दुरुस्ती करायला जाऊ नकोस. ते तुझं काम नव्हे. लेकीला हो म्हण.

बाबा थाप मारून दाखवायचे हे मला माहीत नव्हतं. बरं झालं माहीत नव्हतं.

माझ्यामुळे तुमचं घर जातंय.

दादा

*

१७ मार्च

दादा,

आधी बस. पाणी पी. भिंत उभी आहे आणि उभी राहणार आहे. पुढचं सावकाश वाच.

गवंडी मी होते.

खरा गवंडी एक होता. ‘उद्या येतो’ म्हणाला, आणि त्याचा उद्या तीन आठवडे उगवला नाही. तेव्हा मी म्हटलं, लहानपणी दादाला बघितलंय, त्यात काय एवढं. सिमेंट आणलं, वाळू आणली, थापी आणली. तुला सांगितलं असतं तर तू फळीची गोष्ट काढली असतीस. म्हणून तो गप्प माणूस तयार केला. चहा त्यानं मागितला नाही, कारण मी स्वतःच करून प्यायले.

आता कसं केलं तेही ऐक. सिमेंट आणि वाळू निम्मीनिम्मी घेतली. खळ जितकी दाट तितकी बांधणी पक्की, हे बाबांनी शिकवलेलं. सिमेंटचंही तसंच असणार असं धरून चालले. एकाच थरात बोटभर जाड लावलं. दिसायला सुंदर झालं होतं. मग लवकर वाळावं म्हणून समोर टेबलफॅन लावला, दोन दिवस, न थांबता. पाणी मारत राहा असं पोत्यावर छापलं होतं. पण वाळवायच्या वस्तूवर पाणी मारणारा माणूस आमच्या धंद्यात नोकरीवरून जातो.

आणि पट्टी मी विटेवर बसवली नाही. एवढं खपून केलेलं प्लास्टर खरवडायला हात धजला नाही. प्लास्टरवरच चिकटवली आणि तुला ‘सांगितलीस तशी’ म्हणून लिहिलं.

तू एकदा खोटं बोललास. मी मोजायचं सोडून दिलंय.

तुझं पत्र आलं तेव्हा पलंग बाहेर काढला होता. हे खरंच त्याच्या मागून आले. मी पत्र वाचून दाखवलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझ्या दादाचा सगळा भरवसा त्या गवंड्यावर आहे. गवंडी कोण होता ते त्याला माहीत नाही. आधी भिंतीला विचार.”

मी छिन्नी-हातोडी घेतली आणि तड्यावरून प्लास्टर फोडत गेले, खिडकीपासून खालपर्यंत. तडा प्लास्टरबरोबर निघून हातात आला. मागे तुझ्या विटा. एकही फुटलेली नाही, एकही सांधा उघडलेला नाही. काच तुटली ती माझं प्लास्टर आकसलं म्हणून. मी बोटं फिरवून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं, मग यांना चष्मा लावून पाहायला लावलं.

तरी पायाचा प्रश्न होताच. तू ‘तुझं काम नव्हे’ लिहिलं नसतंस तर कदाचित मी खणलंही नसतं. बाहेरून कोपऱ्याशी खणायला घेतलं. हे हौदाच्या कट्ट्यावर बसले, हातात काठी. मुकादम. दर घमेल्याला “सावकाश” म्हणत होते. डॉक्टरांनी सावकाश यांना सांगितलंय, मला नाही.

दीड फुटावर पहार उडाली. माझेही हात झिणझिणले. एका दगडानं दोघांना.

मग मी त्याची कड शोधायला लागले. दगड म्हटला की त्याला कड असते. डावीकडे हातभर गेले, तोच. उजवीकडे हौदाखाली गेला. भिंतीपासून चार फूट लांब दुसरा खड्डा घेतला, तिथेही दीड फुटावर तोच आवाज. यात दोन दिवस गेले. शेजारीण विचारून गेली, काही पुरलंय का.

आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, मी चिखलानं माखून खड्ड्यात उभी असताना, फाटकातून कोण आलं असेल? तो उद्या येणारा गवंडी. मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, आधी खाली उतर आणि हा दगड केवढा आहे सांग.

त्यानं खाली बसून पहारीनं चार ठिकाणी ठोकलं. कान लावला. खिशातून विडी काढली आणि यांच्याकडे बघून परत ठेवली.

“बाई, हा दगड नाही. खडक आहे. आख्ख्या आळीखाली पसरलाय. तुमचा हौद सुरुंग लावून खणलाय, माझा बाप होता त्या कामावर.”

“मग भिंत?”

“भिंतीला काय झालंय? यावर अजून तीन मजले चढवा.”

“पण पाया तीन फूट हवा ना?”

“खडक लागल्यावर तीन फूट कोण खणतं? खणलं असतं तर त्याला वेडा म्हटलं असतं. ज्यानं इथे थांबवलं त्याला अक्कल होती.”

दादा, हे वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, म्हणजे लिहिताना चुकायला नको.

मग तो आत आला आणि उरलेल्या प्लास्टरवर त्यानं बोटानं टकटक केलं. “हे कुणी केलं?”

मी म्हटलं, “होता एक गवंडी. गप्प माणूस.”

“पुन्हा बोलावू नका त्याला.”

हे इतके हसले की मला गोळी शोधायला धावावं लागलं. लागली नाही गोळी.

लेकीला आज संध्याकाळी नाही सांगणार आहे. रागावेल. रागावू दे.

बारकी

*

२१ मार्च

बारके,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचत होतो बहुतेक, कारण सूनबाई धावत आली. तिला वाटलं मी कुणाशी भांडतोय. तिला सगळं सांगितलं, मॅचसकट. ती म्हणाली, “म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या ओट्याखालीसुद्धा काठी घालून बघता होय.” मग दोघंही हसलो.

टेबलफॅन. चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली शेकडो माणसं आली. दारू पिऊन भिंत बांधणारे आले. सिमेंटला वारा घालणारं कुणी आलं नाही.

खोटं ते खोटंच. खाली खडक निघाला हे माझं नशीब, माझं काम नव्हे. तो गवंडी म्हणतो ती अक्कल मला नव्हती, मला मॅचची घाई होती. पण भिंतीलगत मेहुणे निजू शकतात. काल दुपारी मी जेवल्यावर खुर्चीत झोपलो आणि दिवे लागायच्या वेळी उठलो. कुणी उठवलं नाही.

आता नीट कर. गवंड्याची वाट बघू नकोस, तूच कर. एक माप सिमेंट, पाच मापं चाळलेली वाळू. आधी भिंत भिजव. पहिला थर पातळ, तो ओरखडून खरखरीत कर, दुसऱ्या दिवशी दुसरा. मग सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी. पंखा माळ्यावर ठेवून दे आणि शिडी शेजाऱ्यांकडे.

खड्डे बुजवताना थराथरानं पाणी टाकून ठोक. मेहुण्यांना काठी धरू दे.

दादा

*

४ एप्रिल

दादा,

झालं. आज सातवा दिवस. पाणी मारायचं काम यांनी घेतलंय, झाडांच्या झारीनं. वेळ चुकत नाहीत. मला एकदाही हात लावू दिला नाही. स्वतःच्या औषधाची वेळ मात्र अजून मीच सांगते.

तडा नाही. सकाळी उठल्याबरोबर पाहते, मग चहा.

लेक दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीचं माप घेऊन गेली आणि पडदे शिवून आणले. तिनं भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, “हे तू केलंस?” मी हो म्हटलं. खरं बोलायला किती कमी वेळ लागतो.

एक विचारायचं आहे. खाली, हौदाकडच्या कोपऱ्यात, वीतभर जागा मी प्लास्टर न लावता मोकळी ठेवली आहे. तुझ्या विटा दिसाव्यात म्हणून. पण तिथे एक वीट वाकडी आहे. बाकी सगळी भिंत ओळंब्यात आणि ही एक नाक पुढे काढून, खाली बघत बसलीय. सांध्यात मालही जास्त झालाय, कडेनं ओघळून वाळलाय. तेव्हाही दोस्त फाटकाशी उभे होते का?

झाकू, की राहू दे?

बारकी

*

९ एप्रिल

बारके,

ती वीट माझी नाही. बाबांची आहे.

पाया भरून झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते दुकानातून आले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, एक मला लावू दे. मी थापी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. पुठ्ठ्याला खळ लावतात तसा बोटांनी विटेला माल लावला, वीट बसवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. धरूनच उभे राहिले. मला म्हणाले, किती वेळ धरायची? मी म्हटलं, बाबा, सोडा, पडत नाही. त्यांचा विश्वास बसेना. पुस्तक इतक्यात सुटत नाही म्हणाले. बराच वेळ उभे होते. मग एक हात काढला. मग दुसरा.

पंखा आणायचं त्यांना सुचलं नाही एवढंच.

ते आत गेल्यावर मी ती सरळ करायला गेलो होतो. नाही केली.

राहू दे तशीच.

दादा